हातगाडीचा परवाना आणि पाण्याचा नळ

शालिमारपासून रामकुंडापर्यंत चालत गेले, की भजी, वडापाव आणि मिसळीच्या गाड्यांवर नाशिकचा कष्टकरी दुपारची भूक कशी भागवितो ते दिसते. अलीकडे मोटारीत थाटलेली उपाहारगृहेही आली आहेत. गाडी लाकडी असो वा मोटारीची, तिला मुख्यतः दोन कागद लागतात, आणि ते दोन वेगळ्या दारांतून मिळतात. मेख इथेच आहे.

अन्नसुरक्षेची नोंदणी त्या मानाने सोपी. २०११ साली लागू झालेल्या नियमांनी लहान विक्रेत्याला ती वर्षाला शंभर रुपयांत देऊ केली. पण नोंदणी म्हणजे जागेचा हक्क नव्हे. तो मिळतो २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालील प्रमाणपत्राने, आणि त्यासाठी आधी सर्वेक्षण व्हावे लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले व त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला हटवू नये, असे हा कायदा सांगतो. हे कोणाचे औदार्य नव्हे. १९८५ च्या मुंबईतील फेरीवाल्यांच्या खटल्यापासून न्यायालयांत चाललेल्या झगड्याचे ते फळ आहे.

सुरक्षेच्या नियमांत सूट मागणे आम्हांस मान्य नाही. गाडीवर खाणारा हमालही माणूसच आहे; शिळे तेल त्याच्याच पोटात जाते. घरगुती सिलिंडरवर धंदा करणे बेकायदा आहे आणि गर्दीत तो फुटला तर पहिला बळी विक्रेत्याचाच. परंतु हात धुवा, ताटल्या धुवा, असा हुकूम सोडणाऱ्यांनी नळ कोठे आहे तेही सांगावे! विक्रीक्षेत्रात पाणी, सांडपाण्याची वाट आणि कचरापेटी देणे हे महापालिकेचे काम आहे. ते न करता अस्वच्छतेचा ठपका ठेवून गाडी उचलणे हा उफराटा न्याय झाला.

सिंहस्थ आला की रस्ते मोकळे करण्याची घाई सुटते. २०२६-२७ चा सिंहस्थही त्याला अपवाद मानण्याचे कारण नाही. गर्दीसाठी गाड्या हलवाव्या लागतील, हे खरे. पण कायद्यात त्यासाठी तीस दिवसांची नोटीस आहे. तेव्हा कार्यकर्त्यांनी प्रत्येक चौकात दोन गोष्टी विक्रेत्यांच्या कानी घालाव्यात: माल जप्त झाला तर यादी तिथल्या तिथे लिहून घ्यायची, आणि नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी परत मागायचा.