स्वादुपिंडातील बेटे

मोरजीच्या एखाद्या वाड्यावरील दोन सख्खे भाऊ घ्या. एकाच पंक्तीला बसून शीत-हुमण जेवणारे, चवथीच्या नेवऱ्या वाटून खाणारे. एकास चाळिशीतच मधुमेह जडतो, दुसरा सत्तरीतही ठणठणीत असतो. पहिल्यास ‘गोडखाऊ’ ठरवून समाज मोकळा होतो. हा न्याय नव्हे.

१८६९ साली जर्मन संशोधक पॉल लँगरहॅन्स यांनी स्वादुपिंडात पेशींची चिमुकली बेटे पाहिली. माणसाच्या देहात ती सुमारे दहा लाख असतात आणि त्यांतील बीटा पेशी इन्शुलिन निर्माण करतात. मृत्यूनंतर दान केलेल्या स्वादुपिंडांतील बेटे तपासता ती माणसागणिक निराळी आढळली. कोणाच्या बेटांत बीटा पेशी निम्म्याहून कमी, तर कोणाच्या पाऊण हिश्शाच्या जवळपास. साखर वाढताच कोणाची बेटे तत्परतेने इन्शुलिन सोडतात, कोणाची रेंगाळतात. वय, वजन आणि आनुवंशिकता यांचा हा परिणाम होय. २००० साली कॅनडातील एडमंटन येथे सात रुग्णांवर बेटांचे रोपण यशस्वी झाले. परंतु प्रत्येकास दोन किंवा अधिक दात्यांची बेटे द्यावी लागली.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत गोव्यातील २६.४ टक्के प्रौढ मधुमेही आढळले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के; गोवा सर्वांत पुढे! असे असता या बेटांविषयीचे आपले ज्ञान मुख्यतः पाश्चात्त्य दात्यांवरून आलेले आहे. भारतीय अर्भक वजनाने कमी असूनही त्याच्या अंगी चरबी तुलनेने अधिक असते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे. तेव्हा परक्याच्या मापाने शिवलेला अंगरखा आपल्या अंगास नेमका बसेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

१९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा ज्या तीन राज्यांच्या ठरावांवरून झाला, त्यांत महाराष्ट्र व हिमाचल प्रदेशाबरोबर गोवाही होता. तो वारसा पुढे नेण्याची ही वेळ आहे. रोपणास निरुपयोगी ठरलेले स्वादुपिंड आप्तांच्या लेखी संमतीने संशोधनास मिळावे, यासाठी सरकारने निःसंदिग्ध नियम करावेत, अशी आमची मागणी आहे. दधीचींनी अस्थी दिल्याची कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. चितेवर राख व्हावयाचा एक अवयव पुढच्या पिढीसाठी देण्यास आपण कचरू नये, एवढेच आमचे सांगणे.