एक फ्लॅट, सात मेसेज

गेल्या महिन्यात एजंटांकडून आलेल्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच रड आहे: इन्व्हेस्टर दारात उभा, पण दाखवायला माल नाही. खरे आहे. पुण्यात कर्वेनगर, सहकारनगर, प्रभात रोड या भागांत जुन्या सोसायट्या रीडेव्हलपमेंटला निघाल्या. बाहेर पडलेल्या सभासदांनी आसपासचे भाड्याचे फ्लॅट भरले. आणि ज्याची सोसायटी उद्या पडणार, तो आज विकेल कशाला?

मग आपण एजंटांच्या ग्रुपवर जातो. परवा सकाळी दहाच्या आत कोथरूडचा एकच टू बीएचके आमच्या फोनवर सात नंबरांवरून आला. भाव चार. ओट्यावरचा निळा मिक्सर मात्र सगळ्या फोटोंत तोच. कोणी कार्पेट लिहिला, कोणी सेलेबल. 'डायरेक्ट पार्टी, साइड बाय साइड' सातही जणांनी. चौकशी केली तर किल्ली एकाकडेही नव्हती. मालकाचे विकायचेच अजून नक्की नव्हते!

नियम नाहीत असे नाही. महारेराने २०२३ पासून एजंटांना वीस तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा लावली. वैयक्तिक नोंदणीचे दहा हजार रुपये वेगळे. ही सगळी कसरत नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीसाठी. चाळीस वर्षे जुन्या सोसायटीतला रीसेल, म्हणजे पेठांत आणि कोथरुडात आपली खरी भाकरी, तो या चौकटीबाहेर. तिथे पास झालेला आणि न बसलेला एकाच रांगेत. दोन एजंटांनी ब्रोकरेज कसे वाटायचे, यावर रेरा कायदा गप्प. त्यामुळे पार्टी आणणाऱ्याला रजिस्ट्रेशनच्या दिवशी 'अहो, ते डायरेक्टच आले' असे सांगून कटवणे सर्रास चालते. (अशी तक्रार लिहिणाऱ्यांपैकी दोघांविरुद्ध हीच तक्रार आमच्याकडे पडून आहे.)

माल आहे, पण तो ग्रुपवर येत नाही. मुले अमेरिकेत, आई गेली, फ्लॅटला कुलूप. ही खबर आधी लागते सोसायटीच्या सेक्रेटरीला, मग कुलमुखत्यारपत्र करणाऱ्या वकिलाला, मग सीएला. ते फोन करतात कोणाला? 'दोन वर्षांत डबल' म्हणणाऱ्याला नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे रीडेव्हलपमेंटची ७९अ ची प्रक्रिया कुठवर आली, कन्व्हेयन्स झाले का, शेअर सर्टिफिकेटवर वारसाचे नाव चढले का, हे पार्टीला फ्लॅट दाखवण्याआधी विचारणाऱ्याला.

तेव्हा सरकारची वाट पाहू नका. पुढच्या डीलला अर्धे पान लिहाच: मालकाचा लेखी होकार, पार्टी कोणाची, वाटा किती, दोघा एजंटांच्या सह्या. मसुदा याच अंकाच्या शेवटच्या पानावर आहे, फाडून घ्या. सही करायला जो कचरतो, त्याला माल दाखवू नका, मग तो वीस वर्षांचा दोस्त का असेना.

आणि निळ्या मिक्सरवाल्या त्या मालकांना कृपा करून आता फोन करू नका. त्यांनी नंबर बदललाय.