मागच्या चाकाला डिस्क? आधी घाट उतरून बघा!

मित्रमैत्रिणींनो, आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. कारण जे मला चार सेमिस्टरमध्ये कळलं नाही, ते एका गॅरेजमध्ये अर्ध्या तासात मराठीत कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी रूममेटच्या घरी अजिंठ्याला गेले होते. लेणी नव्हे, घाटाच्या वरचं अजिंठा गाव. दारात काकांची ४०७ उभी होती, १९९४ सालची. याच गाडीने मका आणि कापूस जळगावला नेऊन काकांनी दोन्ही मुलांची शिक्षणं केली. आता नवी गाडी आहे, पण ही विकायचं नाव काढलं की काका जेवत नाहीत! मक्याच्या हंगामात तिला अजून काढतात.

रूममेटच्या दादाने अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले होते. तिथे लोक जुन्या पिकअप ट्रकचे मागचे ड्रम काढून डिस्क बसवतात. एका शनिवारी काम, रविवारी फेरफटका! दादाने भंगारातून दोन डिस्क आणि कॅलिपर बघूनही ठेवले होते. मला म्हणाला, "तू मेकॅनिकलची ना? मग बाबांना तूच सांग."

आणि मी सांगितलं! डिस्क लवकर थंड होते, पाणी लगेच झटकते, घाटात फेड होत नाही. पुस्तकातले सगळे मुद्दे. शेवटी म्हणाले, "काका, बिनधास्त लावा." काकांनी मान डोलावली. इंजिनिअर मुलगी बोलते म्हणजे खरंच असणार, असा त्यांचा चेहरा होता. तो चेहरा मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गॅरेजवर गेलो. मिस्त्रीचाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तीन प्रश्न विचारले. "बेटी, हँडब्रेक कुठं बांधणार? मास्टर सिलिंडर तोच ठेवणार का? आणि पुढं ड्रम, मागं डिस्क, अशी गाडी कुठल्या कंपनीने काढली?"

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही.

हॉस्टेलवर येऊन पुस्तकं उघडली तेव्हा एकेक उलगडत गेलं. काकांच्या गाडीचा हँडब्रेक मागच्या ड्रममधल्या शूंनाच ओढतो. ड्रम काढला की हँडब्रेकही गेला. भंगारातल्या साध्या कॅलिपरला त्याची सोय नव्हती. म्हणजे भरलेली गाडी चढावर उभी करायची ती फक्त गिअर आणि दगडाच्या भरवशावर!

दुसरं, ड्रममध्ये पुढच्या बाजूचा शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रमवर आणखी घट्ट दाबला जातो. ब्रेकला ही मदत फुकट मिळते. डिस्कला ती नसते, म्हणून तेवढंच थांबवायला जास्त दाब लागतो. शिवाय कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना ब्रेक ऑइलही जास्त लागतं. जुना मास्टर सिलिंडर तेवढं ऑइल ढकलेलच असं नाही. मग पेडल खाली जातं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. ब्रेक मारला की वजन पुढे झुकतं. म्हणून पुढे डिस्क, मागे ड्रम ही जोडी सर्रास दिसते. उलटी जोडी आपल्या पार्किंगमध्ये शोधून दाखवा! ट्रकचं तर आणखी अवघड. भरलेला असताना बहुतेक ओझं मागच्या धुऱ्यावर, रिकामा झाला की मागचं हलकं. मागचा ब्रेक कमी पडला तर सगळा ताप पुढच्या ड्रमवर. जास्त झाला तर पावसात रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरते. कंपनीने पुढचं-मागचं गणित जुळवलेलं असतं. आपण एकच आकडा बदलून उत्तर बरोबर येईल असं धरतो.

मग डिस्क वाईट का? मुळीच नाही! गंमत म्हणजे डिस्क 'नवी' आणि ड्रम 'जुना' हेही खरं नाही. लँचेस्टरने इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं १९०२ मध्ये, आणि रेनोचा ड्रम ब्रेकही त्याच सालचा. १९५३ मध्ये जग्वारने ल मान्सची शर्यत डिस्क ब्रेकवर जिंकली. १९९६ च्या मर्सिडीज अ‍ॅक्ट्रोस ट्रकला सगळ्या चाकांना डिस्क होत्या. पण तिथे अख्खी ब्रेक सिस्टिम त्या हिशेबाने बनवलेली होती. माझं म्हणणं इतकंच : पूर्ण डिस्क चांगली, अर्धी डिस्क धोक्याची.

आता घाटाचं बघू. ५ टनांची गाडी १०० मीटर खाली उतरली की जवळपास ४९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. तेवढ्यात साधारण १५ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येतं. ही सगळी उष्णता ब्रेकवर टाकली तर ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो, लायनरची पकड सुटते. डिस्कवाल्यांनीही खूश होऊ नये. डॉट ३ ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पण पाणी शोषलेलं असलं की १४० च्या आसपासच. ऑइलमध्ये वाफ झाली की डिस्क असो नाहीतर ड्रम, पाय सरळ खाली!

यावरचा उपाय काकांना मिसरूड फुटल्यापासून ठाऊक आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. ओझं इंजिनला धरू द्यायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे मात्र आजही दिसतात. त्यांना डिस्क नाही, अक्कल बसवायला हवी!

आणि कायदा? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी नोंदणी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. आरटीओला न विचारता अशा कामाला हात घालू नये.

शेवटी चाचांनी मागचे ड्रम लेथवर टर्न करून घेतले, नवे लायनर, व्हील सिलिंडरचे किट, नवं ऑइल टाकलं, एअर काढली. दादा अजून नाराज आहे. चारही चाकांना डिस्क, बूस्टर आणि मास्टर सिलिंडरसकट बसवायची, असं त्याचं स्वप्न आहे. ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण ते मोजून करावं.

म्हणून आपल्या सरांना एक विनंती. फायनल इयरला नुसते मॉडेल आणि थर्माकोलचे चार्ट पुरे झाले. एक जुना धुरा आणूया, एकदा ड्रमवर आणि एकदा डिस्कवर चालवून तापमान आणि टॉर्क मोजूया. परीक्षकांच्या शेजारी एका मिस्त्रीलाही बसवूया. तीन प्रश्न त्यालाही विचारू द्या.

निघायच्या दिवशी मी काकांच्या शेजारी बसून मका भरलेल्या गाडीतून फर्दापूरपर्यंत घाट उतरले. दुसरा गिअर, इंजिनची घरघर, पाय ब्रेकवर अधूनमधूनच. खाली उतरल्यावर काका म्हणाले, "बाळा, तू लावा म्हणाली असतीस ना, मी लावली असती."

मित्रांनो, आपल्या नावामागे अजून डिग्री लागलेली नाही, तरी लोक आपल्या शब्दावर घाट उतरायला तयार असतात. बोलण्याआधी तेवढं लक्षात ठेवूया.