मोटारीस बाजारी हवागाळणी बसवावी काय?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील बागाईतदाराच्या, आणि आतां मध्यम शेतकऱ्याच्याही दारांत, ट्रॅक्टराशेजारीं जीप, पिकअप किंवा घरची मोटार उभी दिसूं लागली आहे. या गाड्यांचीं कामें शहरांतील गाडीसारखीं नाहींत. सकाळीं मजूर आणावयाचे, दुपारीं खत-बियाणें, सायंकाळीं दुधाचे कॅन, आणि मधूनच घरच्या मंडळींस दर्शनासाठीं तुळजापुरास न्यावयाचें. अशा गाड्यांच्या मालकांस अलीकडे शहरांतील दुकानदार, व घरांत कॉलेजांत जाणारे चिरंजीव, एक वस्तु मोठ्या आग्रहानें सुचवूं लागले आहेत. कारखान्यानें बसवून दिलेला कागदी एअर फिल्टर काढून त्या जागीं तेल लावलेल्या कापडी जाळीचा, धुवून पुन्हां वापरतां येणारा बाजारी फिल्टर बसवावा. अथवा त्याच्याही पुढें जाऊन फिल्टराचा सबंध खोकाच काढून टाकावा व बॉनेटखालीं उघड्यावर शंकूच्या आकाराचा फिल्टर आणि चकचकीत नळी लावावी, असें सांगण्यांत येतें. गाडीस जोर येतो, डिझेल वांचतें आणि फिल्टर जन्मभर पुरतो, अशीं आश्वासनें सोबत मिळतात. कित्येक सभासद बंधूंनीं याविषयीं विचारणा केल्यावरून आम्ही आमचें मत येथें मांडीत आहों. तें आधींच सांगून टाकणें बरें: आपल्या मुलखांत हा खर्च करूं नये.

मुळांत फिल्टर कशासाठीं आहे याचाच विसर पडलेला दिसतो. एक लिटर पेट्रोल नीट जळावयास सुमारें ९,००० लिटर हवा लागते. डिझेलच्या एंजिनास त्याहूनही अधिक. दीड लिटर मापाचें एंजिन मिनिटास २,००० फेरे करीत असतां त्या एका मिनिटांत जवळजवळ १,५०० लिटर हवा ओढून घेतें, आणि टर्बो असल्यास आणखी. आतां ही हवा आपल्याकडे कशी असते हें आम्हीं वाचकांस सांगावयास नको. पावसाळा सरला कीं बालाघाटाच्या माथ्यावरचे आणि तेरणा-मांजरेच्या कांठचे पाणंद रस्ते फुफाट्यानें भरतात. सोयाबीनची मळणी सुरू झाली म्हणजे खळ्याभोंवतीं भुसकट तरंगत राहतें. पाठोपाठ उसाच्या ट्रॉल्या गाळप हंगाम संपेपर्यंत त्याच रस्त्यांचें पीठ करीत असतात, आणि खडी फोडणाऱ्या क्रशरांच्या शेजारून जाणाऱ्या गाडीची तर दोन दिवसांत ओळख पटेनाशी होते.

आपली काळी माती बोटांस मऊ लागते म्हणून ती एंजिनासही मऊ असेल असें कोणीं समजूं नये. ज्या काळ्या पाषाणापासून ती झाली त्यांतील फेल्स्पारचे कण आणि नांगरटींत वर येणाऱ्या पांढऱ्या गारगोट्यांची चुरी, हीं दोन्ही सिलिंडरच्या बिडाहून कठीण असतात. त्यांतही सर्वांत घातक कण ते, जे डोळ्यांस दिसत नाहींत. पांच ते वीस मायक्रॉनचा कण म्हणजे माणसाच्या केंसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. तो पिस्टनाच्या रिंगा व सिलिंडर यांमधील तेलाच्या पातळ थरांत शिरतो आणि तेथें कानशीप्रमाणें काम करितो. मग कॉम्प्रेशन उतरतें, तेल जळूं लागतें, ब्रीदरमधून धूर येतो, आणि एके दिवशीं मिस्त्री सांगतो कीं एंजिन खोलावें लागेल. हें सर्व फार सावकाश होतें, म्हणूनच त्याचा दोष फिल्टरावर कोणी ठेवीत नाहीं. 'गाडीच बेकार निघाली' असें म्हणून मोकळे होतात.

येथें टक्क्यांचा एक भुलावा आहे, तो नीट समजून घ्यावा. समजा, एक फिल्टर शंभरांतील साडेनव्याण्णव भाग धूळ अडवितो आणि दुसरा सत्त्याण्णव भाग. ऐकणाऱ्यास वाटतें, अंतर अवघें अडीच टक्क्यांचें आहे. परंतु एंजिनाची झीज अडलेल्या धुळीनें होत नसते, निसटलेल्या धुळीनें होते. पहिल्यांतून शंभर ग्रॅमांपैकीं अर्धा ग्रॅम आंत गेला, दुसऱ्यांतून तीन ग्रॅम. म्हणजे दुसऱ्या गाडीच्या एंजिनानें सहापट धूळ खाल्ली. चांगल्या प्रतीचा कागदी फिल्टर साडेनव्याण्णवच्या आसपास किंवा त्याहूनही वर काम करितो. तेल लावलेल्या जाळीचे फिल्टर सामान्यतः त्याच्या खालीं राहतात, कारण हवा अधिक मोकळी जावी म्हणून त्यांचीं छिद्रें मोठीं ठेविलेलीं असतात. मोकळेपणा आणि गाळणें हीं एकमेकांच्या विरुद्ध ओढणारीं कामें आहेत. घरांतील पिठाची चाळण पाहिली तरी हें कळेल.

आतां जोराविषयीं. स्वच्छ कागदी फिल्टर एंजिनाचा श्वास किती अडवितो? एंजिन पूर्ण जोरांत असतांनाही हा अडथळा हवेच्या दाबाच्या शंभरांत एक-दोन भागांहून अधिक नसतो. तो सर्वच्या सर्व नाहींसा केला तरी लाभ तेवढाच, आणि तोही पायडल तळापर्यंत दाबलें असतांनाच. आपल्या रस्त्यांवर तशी वेळ किती येते? पेट्रोलच्या गाडींत पायडल अर्धें दाबलेलें असतां हवा रोखण्याचें काम थ्रॉटलची झडप करीत असते. फिल्टर मोकळा केला तर चालक नकळत ती झडप थोडी अधिक मिटतो इतकेंच. डिझेलच्या गाडींत जोर ठरतो तो एंजिनाचा संगणक किती डिझेल सोडतो त्यावर. जास्तीच्या हवेनें एकट्यानें कांहीं होत नाहीं. मग लोकांस जोर वाढल्याचें वाटतें तें कशामुळें? आवाजामुळें. उघडा फिल्टर बसविला कीं हवा आंत जातांना घोंघावते, टर्बोची शीळ ऐकूं येते, आणि चालविणाऱ्यास गाडी उधळल्यासारखी भासते. बैलाच्या गळ्यांत घुंगुरमाळ घातल्यानें नांगर खोल जात नाहीं.

उलट उघड्या फिल्टरानें जोर घटण्याचीच भीति अधिक. कारखान्याचा खोका बाहेरची हवा घेईल अशा बेतानें त्याची नळी पुढच्या जाळीजवळ नेलेली असते. खोका काढला म्हणजे एंजिन बॉनेटखालची तापलेली हवा घेऊं लागतें. आपल्याकडे वैशाखांत बाहेर पारा ४० अंशांवर असतां बॉनेटखालीं ती ७० अंश झाली असें धरा. एवढ्यानें हवेची घनता जवळजवळ नऊ टक्क्यांनीं उतरते. मिळवावयाचा होता एक टक्का, आणि गेले नऊ.

डिझेल-पेट्रोल वांचण्याच्या आश्वासनाची तर परीक्षाच होऊन चुकली आहे. अमेरिकेंतील ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २००९ सालीं पेट्रोलच्या तीन नव्या व एका जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिला. नव्या गाड्यांत पेट्रोलच्या खपांत लक्षांत घेण्याजोगा फरकच पडला नाहीं, कारण त्यांची यंत्रणा हवेच्या मानानें इंधन आपणच बेतून घेते. गाडी वेग घेण्यास तेवढी मंद झाली. कार्ब्युरेटरच्या गाडींत खप वाढला, परंतु मोठा फरक दिसावयास फिल्टर इतका तुंबवावा लागला कीं गाडी चालविणेंच कठीण होऊन बसलें. तुंबलेल्या फिल्टरानेंही जर नव्या गाडीचें पेट्रोल वाढत नाहीं, तर चांगल्या कागदी फिल्टराच्या जागीं दुसरा बसवून तें कसें वांचणार?

तेलानें धूळ धरण्याची युक्ति आपणांस नवी आहे असेंही नाहीं. जुन्या ट्रॅक्टरांच्या व विहिरीवरील तेलएंजिनांच्या एअर क्लीनरमध्यें तळाशीं तेलाची वाटी असते, ती साफ करून तेल बदलण्याचें काम वाचकांपैकीं बहुतेकांनीं हातानें केलें असेल. परंतु तेथें हवा प्रथम तेलावर आपटते, वळते, आणि मग तारेच्या जाड गुंडाळ्यांतून वर चढते. जड धूळ वाटींतच बसते. त्या सर्व खटाटोपाच्या जागीं कापडाचे तीन-चार पदर ठेवून तेवढाच निकाल मिळेल अशी आशा धरणें धाडसाचें आहे. शिवाय धुतल्यावर तेल जास्त लागलें तर तें पुढें ओढलें जाऊन हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरावर बसतें, व कमी लागलें तर धूळ सरळ आंत जाते. योग्य तेल किती, हें ठरविणार कोण? दुकानांतला पोरगा कीं घरचा गडी?

फिल्टर आणि जोर यांचें हें भांडण जुनें आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या सुमारास, उत्तर आफ्रिकेंतील व माल्टा बेटावरील इंग्रजांच्या स्पिटफायर विमानांस व्होक्स नांवाचा मोठा फिल्टर नाकाखालीं बसविलेला असे. त्यानें विमानाचा वेग घटे, आणि शत्रूच्या विमानाशीं गांठ पडली असतां वेग घटणें म्हणजे काय तें सांगावयास नको. तरीही वाळूपुढें एंजिन उघडें टाकण्यांत आलें नाहीं. मिसर देशांतील अबुकीर येथील दुरुस्तीच्या कारखान्यानें अधिक आटोपशीर असा दुसरा फिल्टर तयार केला व तो बसविला. म्हणजे सुधारणा अशक्य नाहीं. पण ती धूळ अडविण्याचें काम सांभाळून झाली. आमचा विरोध नव्या वस्तूस नाहीं. आय. एस. ओ. ५०११ या नांवाची हवागाळणीची परीक्षा आज जगभर चालते. विकणाऱ्यानें त्या परीक्षेंत आपला फिल्टर किती धूळ अडवितो व किती धुळीनें तुंबतो, हे आंकडे आपल्या गाडीच्या मूळ फिल्टराच्या आंकड्यांशेजारीं ठेवून दाखवावे, आम्ही पुन्हां विचार करूं. बहुतेक ठिकाणीं डब्यावर असतें तें घोड्याचें किंवा ज्वाळेचें चित्र.

राहिला जन्मभर पुरण्याचा हिशेब. समजा कागदी फिल्टरास पांचशें रुपये पडतात व आपण तो वर्षास एकदां बदलतों. बाजारी फिल्टरास पांच हजार, आणि धुण्याचें औषध व तेल निराळें. दहा वर्षांनीं बरोबरी होईल. तोंपर्यंत गाडी आपल्याकडे राहील कीं नाहीं हें ज्याचें त्यानें पाहावें. नव्या गाडीची वॉरंटी चालू असतां असा बदल केला तर एंजिनाच्या तक्रारीच्या वेळीं वाद निघतो, तोही जमेस धरावा.

हे पांच हजार हातांत असतील तर त्यांचा उपयोग याहून चांगला करतां येईल. आम्हीं पाहिलें आहे कीं आपल्याकडे फिल्टर वाईट म्हणून जेवढीं एंजिनें जातात, त्याहून अधिक फिल्टराच्या निगेंतील चुकांनीं जातात. सर्वांत वाईट खोड म्हणजे दर आठ दिवसांनीं फिल्टर काढून टायरवर आपटणें आणि पंक्चरच्या दुकानांत कॉम्प्रेसरच्या भर दाबानें फुंकून घेणें. आपटल्यानें फिल्टराची कड वांकते व तेथून फट राहते. दाबानें कागदाच्या घड्यांस बारीक चिरा पडतात; त्या उजेडाकडे धरून पाहिल्याविना दिसत नाहींत. शिवाय कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच गाळण्याचें काम करीत असतो. थोडा मळलेला फिल्टर कोऱ्या फिल्टराहून बारीक धूळ अधिक अडवितो. म्हणून उगीच वरचेवर काढूं नये. काढावाच लागला तर हलक्या दाबाची हवा आंतून बाहेर सोडावी, बाहेरून आंत कधींही नाहीं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेनंतर नवाच बसवावा. पुस्तिकेंत दिलेलें किलोमीटरचें अंतर चांगल्या रस्त्यांसाठीं असतें. आपल्या फुफाट्यांत त्याच्या निम्म्यावर फिल्टर बदलावा. खोक्याच्या सर्व चिमट्या बसल्या आहेत ना, रबरी कड तुटलेली नाहीं ना, व खोक्यापासून एंजिनापर्यंतच्या नळीस तडा नाहीं ना, हें पाहावें. फिल्टराच्या पुढच्या, एंजिनाकडील बाजूस बोट फिरवून धूळ लागली, तर समजावें कीं वाट कोठेंतरी फुटली आहे. आणि फिल्टर घ्यावयाचा तो गाडीच्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीसह. हुबेहुब डब्यांत येणारे नकली फिल्टर आपल्या बाजारांत पुष्कळ आहेत. त्यांतील कागद पातळ व घड्या कमी असतात. घड्या मोजून पाहण्यास पैसे पडत नाहींत.

बाजारी वस्तूंपैकीं एका वस्तूस मात्र आम्ही हरकत घेणार नाहीं. ज्यांची जीप रोजच्या रोज पाणंदीनेंच धांवते त्यांनीं मूळ फिल्टर व मूळ खोका तसाच ठेवून हवेची नळी छतापर्यंत उंच नेणारी जोडणी केली तर ती उपयोगाची आहे. ट्रॅक्टरास हवा उंचावरून घेण्याची व वर प्रीक्लीनर बसविण्याची सोय कारखान्यानेंच केलेली असते, ती उगीच नव्हे. चाकाशीं उडते तितकी धूळ छताशीं नसते. पाण्याच्या दृष्टीनेंही हें हिताचें. २०२५ च्या सप्टेंबरांत भूम-परांडा भागांत अतिवृष्टीनें ओढे-नाले रस्त्यांवर आले होते. अशा वेळीं बंपरामागें खालीं नेलेली बाजारी नळी पाणी ओढते, आणि सिलिंडरांत पाणी गेलेल्या एंजिनाचे कनेक्टिंग रॉड वांकतात. उंच नळी बसवितांना प्रत्येक सांधा पक्का हवा, कारण फिल्टराच्या अलीकडे सांधा सुटला तर उंचीचा फायदा गेला, आणि पलीकडे सुटला तर एंजिनच गेलें. काम झाल्यावर एंजिन चालू ठेवून नळीच्या वरच्या तोंडावर जाड रबराचा तुकडा क्षणभर दाबून धरावा; एंजिन गुदमरून बंद पडावयास लागलें तर सांधे ठीक आहेत, आणि तें तसेंच चालत राहिलें तर मिस्त्रीस पैसे देण्यापूर्वीं सांधे पुन्हां उघडावयास लावावे.