कपाटातले खंड आणि पाचवीतली पोरं

14 एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांतून पुस्तकं वाटायची लाट येते. बँकेतला साहेब येतो, नगरसेवक येतो, नुकताच प्राध्यापक झालेला आपलाच भाऊ येतो. पोरं स्टेजवर रांगेत उभी. हार, मेणबत्ती, फोटो. आणि चौथीतल्या पोराच्या हातात ठेवला जातो दीड किलोचा खंड. पोरगं तो छातीशी धरतं, टाळ्या पडतात, आई पदराने डोळे पुसते. दुसऱ्या दिवशी खंड फळीवर जातो. त्याला हळदकुंकू लागत नाही एवढंच. बाकी पोथीचं जे होतं तेच त्याचं होतं.

ह्या अंकाचं संपादकीय पोरांच्या पुस्तकांवर लिहिणार म्हणालो, तेव्हा आपले दोन मित्र खवळले. म्हणाले, गावागावात माणसं ठेचली जातायत आणि तू ससा-कासवावर लिहिणार? विद्रोह संपला काय तुझा? मित्रांनो, संपलेला नाही. पण विद्रोहाचा मजकूर वाचणार कोण, हा प्रश्न कधीतरी विचारायला पाहिजे का नाही? आपण मासिकं काढतो, जाहीरनामे काढतो, कविता छापतो. आणि वस्तीतल्या पाचवीच्या पोराला त्यातली एक ओळ धड वाचता येत नाही. मग आपण कुणासाठी छापतो? समीक्षकांसाठी?

सिन्नरची गोष्ट सांगतो. हे गाव बिडीचं म्हणून ओळखलं जायचं. घराघरांत बायांच्या मांडीवर सूप, सुपात पाला आणि तंबाखू, हातात कात्री, आणि हजाराचा हिशेब. नंतर माळेगाव, मुसळगावच्या औद्योगिक वसाहती आल्या, कारखान्यांचे भोंगे आले. गोंदेश्वराचं देऊळ बघायला लांबून लोक येतात. देवळाचे फोटो काढतात, वस्तीचे कोण काढणार. तिथल्या एका विहारातलं पुस्तकांचं कपाट आमच्या पोरांनी उघडलं. कुलपाला गंज. आत महाराष्ट्र शासनाने 1979 पासून काढलेले बाबासाहेबांचे खंड, त्यातले बहुतेक इंग्रजीत. संविधानाच्या तीन प्रती. पोलीस भरतीची गाईडं. कुणीतरी उदार होऊन दिलेलं एक राशिभविष्यसुद्धा. दहा वर्षांच्या आतलं पोर हातात घेऊन एकट्याने वाचू शकेल असं एकही पुस्तक नाही. एकही.

गोदीतून सुट्टी मिळाली की मी तिकडे जातो. एका रविवारी अकरा पोरं बसवली आणि एकेकाला वाचायला लावलं. पाचवीतली एक पोरगी, आई अजून बिडी वळते. "पाणी", "भाकर", "गाव" झरझर वाचलं. "स्वच्छ" आला आणि गाडी थांबली. स, व, च, छ असं सुटं सुटं करत राहिली. कसंबसं वाक्याच्या टोकाला पोचली तोवर वाक्याचं डोकं विसरली होती. अर्थ काय विचारलं तर माझ्याकडे बघते. बावळट नाही ती. हजार बिड्यांच्या मजुरीतून छाट किती जाते आणि हातात किती येतं, हा हिशेब तोंडी करून दाखवते. फक्त तिच्या हातात आजवर पडलेला प्रत्येक कागद तिच्यापेक्षा जड होता.

गोदीत गोणीवर वजन छापलेलं असतं. नव्या पोऱ्याच्या पाठीवर काय द्यायचं ते मुकादम त्याचा खांदा बघून ठरवतो. मुकादम कितीही हरामखोर असला तरी त्याला ठाऊक असतं की पहिल्याच दिवशी मणका गेला तर हे पोरगं परत येणार नाही. पुस्तकावर वजन छापलेलं नसतं. इयत्ता छापलेली असते, आणि इयत्तेवर विश्वास ठेवू नका. 2024 च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या शंभर पोरांपैकी जेमतेम 49 जणांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. 2022 साली, करोनाच्या टाळेबंदीनंतर, हाच आकडा 43 वर आला होता. म्हणजे पाचवीचं पुस्तक पाचवीतल्या निम्म्या पोरांसाठी नसतंच. ते छापलेलं असतं फक्त.

मग वजन ओळखायचं कसं? एक साधी रीत आहे, बोटांवरची. पुस्तकाचं मधलंच कुठलं तरी पान उघडायचं आणि पोराला मोठ्याने वाचू द्यायचं. शब्द अडला की एक बोट मुडपायचं. पान संपायच्या आत पाची बोटं मुडपली गेली तर ते पुस्तक आत्ता नको. एकही मुडपलं नाही तर खुशाल घरी नेऊ दे, पण पुढच्या वेळी थोडं वरचं दे. दोन-तीन बोटं म्हणजे बरोबर. पण आपल्या लिपीत नुसते शब्द मोजून भागत नाही. पोरगं कशावर अडतं ते बघायचं. काना, मात्रा, वेलांटीवर अडतंय? उकारावर? का रफार आणि जोडाक्षरावर? वेलांटीवर अडणाऱ्याला पानावर एक-दोन ओळी आणि मोठं चित्र असलेलं पुस्तक पाहिजे. नुसत्या जोडाक्षरावर अडणाऱ्याला गोष्ट मोठी चालेल, जोडाक्षरं मोजकी पाहिजेत आणि तीच तीच परत यायला पाहिजेत. आणि सगळ्यात शेवटी पुस्तक मिटून विचारायचं, काय झालं रे गोष्टीत? ते सांगता आलं नाही तर घडाघड वाचलेलंसुद्धा फुकट. घडाघड वाचून अर्थ न कळणं ही आपली परंपरा नाही, दुसऱ्या कुणाची आहे.

इथे एक घोळ होतो आणि भले भले मास्तर तो करतात. वाचायची कुवत आणि समजायची कुवत ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारा वर्षांचं पोर दुसरीच्या पातळीवर वाचतं म्हणून त्याच्या हातात "छान छान ससुल्या" दिलात तर ते पुस्तक फेकून देईल, आणि बरोबर करेल. त्याने कांद्याच्या चाळीत काम केलेलं असतं. बापाचं कर्ज, आईचं आजारपण, वर्गातली आडनावावरची कुजबूज त्याला ठाऊक असते. त्याला अक्षरं सोपी पाहिजेत, माणसं खरी पाहिजेत. अशी पुस्तकं मराठीत किती? शोधा म्हणजे कळेल. माधुरी पुरंदरे ह्यांचं काम चांगलं आहे. बालगट, कुमारगट असे भाग पाडून केलेलं त्यांचं 'वाचू आनंदे' कुठल्याही विहारात असायला हरकत नाही. प्रथम बुक्सची पातळ पुस्तकं चार पातळ्या पाडून निघतात, तीही घ्या. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय, जुने अंक मिळाले तर उचला. पण ह्या सगळ्या ढिगात बिडी वळणारी आई किती पानांवर भेटते? गोष्टीतलं पोर मामाच्या वाड्यावर जातं, आजी अंगणात तुळशीपाशी बसते, बाबा पेपर वाचतात. आमच्या पोरांचे मामा ट्रकवर क्लीनर असतात.

काही मित्र म्हणतील, मग ही बामणी पुस्तकं हवीत कशाला? मी म्हणतो, हवीत. पाच वर्षांचं पोर सशाची गोष्ट वाचून प्रस्थापित होत नाही. अक्षराची भीती मोडेपर्यंत ससा चालेल, वाघ चालेल, चंद्रावरचा माणूससुद्धा चालेल. फक्त तिथे थांबायचं नाही.

आपल्याकडे सिन्नर तालुक्यातलंच उदाहरण आहे. वामनदादा कर्डक देशवंडीचे. 1922 चा जन्म. मुंबईत आले, गिरणीत राबले, पडेल ते केलं. शिवडीच्या बीडीडी चाळीत कुणीतरी पत्र वाचून दाखवा म्हणून त्यांच्यापुढे धरलं आणि ह्या माणसाला वाचता येईना. तरणाताठा गडी रडला. मग देहलवी मास्तरांकडून बाराखडी शिकला आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचत वाचत अक्षराला अक्षर जोडायला लागला. विचार करा, दुकानाची पाटी हे किती नेमकं पुस्तक आहे! दोन-तीन शब्द. अक्षरं हाताएवढी. आत काय विकतात ते डोळ्यांना दिसतंय, म्हणजे चित्रसुद्धा आहे. आणि वर्गणी नाही, अनामत नाही. अण्णाभाऊ साठेंची शाळा दीड दिवसाची, तेही मुंबईच्या पाट्या आणि पोस्टरं वाचत अक्षराला लागले आणि पुढे 1959 साली 'फकिरा' आला. दोघांनाही कुणी दीड किलोचा खंड देऊन सुरुवात करून दिली नव्हती.

वामनदादांची गाणी आपल्या पोरांना तोंडपाठ असतात. लाऊडस्पीकरची कृपा. त्याच गाण्याच्या चार ओळी मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावल्या आणि पोरांना म्हणत म्हणत बोट फिरवायला सांगितलं. जे तोंडात आहे ते कागदावर ओळखायचं. "स्वच्छ"वर थांबलेली पोरगी ह्या कागदावर थांबली नाही. पुढचा शब्द तिला आधीच ठाऊक होता, तिला फक्त त्याचा चेहरा बघायचा होता. दोन रविवारांत तिने तीच जोडाक्षरं दुसऱ्या पुस्तकात पकडली. ह्यात जादू काही नाही. फुकटात मिळणारं, पोराच्या मापाचं पुस्तक आपल्या घरात वाजत होतं, ते आपण वाचायला दिलं नव्हतं, एवढंच.

आता मोठा आक्षेप. बाबासाहेब अठरा अठरा तास वाचायचे, तुम्ही पोरांना सोपं देऊन मऊ करता. मित्रांनो, बाबासाहेबांनीच 1956 साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी लिहिलेली एक प्रस्तावना आहे, मूळ आवृत्तीत ती छापली गेली नाही. त्यात बालपणीच्या वाचनाची हकिगत आहे. वडील घरात रामायण-महाभारत वाचायला लावायचे. त्यांचा हेतू चांगला होता: द्रोण, कर्ण लहान घरचे असून मोठे झाले, हे वाचून पोरांच्या मनातला न्यूनगंड जावा. पोराला ते पटलं नाही. त्याने वडिलांशी वाद घातला. आणि इंग्रजी चौथी पास झाल्यावर सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याच्या हातात ठेवलं. मराठी पुस्तक, 1898 चं. तिथून पुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. केळुसकर त्या पोराला चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेलं बघायचे. काय वाचतो, किती वाचतो हे बघून मग पुस्तक दिलं. आपला नगरसेवक पोराचं नावसुद्धा स्टेजवर चढल्यावर विचारतो.

आणि जोतीराव? 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं त्यात बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण मागितलं हे आपण भाषणात सांगतो. त्याच निवेदनात त्यांनी सरकारी मराठी वाचनमाला दुरुस्त करा असंही म्हटलंय, कारण ती व्यवहाराला धरून नाही आणि चढत्या पायरीने जाणारी नाही. ही ओळ आपण सांगत नाही. चढत्या पायरीचं पुस्तक ही आपल्या चळवळीची जुनी मागणी आहे, लाडावलेल्या पोरांचे चोचले नाहीत.

सरकारने काय केलं? 2023 साली पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं घातली आणि ओझं कमी झालं म्हणून जाहीर केलं; 2025 मध्ये तो निर्णय गुंडाळला. कोरी पानं मात्र सगळ्या पोरांना वाचता येत होती, हे खरं. त्याच 2023 मध्ये पाचवी आणि आठवीला पुन्हा पास-नापास आणलं. फेरपरीक्षेतही नापास झालं तर पोर त्याच वर्गात. ज्याला वाचताच येत नाही तो पेपरात काय लिहिणार? आणि आमच्याकडे पाचवीत बसवून ठेवलेली पोरगी दुसऱ्या वर्षी शाळेत दिसत नाही. ती सुपाशी दिसते, नाहीतर कांद्याच्या वावरात. म्हणून हा विषय संपादकीयाचा आहे.

वाचनालयांचं म्हणाल तर अनामत रक्कम आणि ओळखीच्या माणसाची सही मागतात. आमच्या एका पोराला एका वाचनालयात बालविभागाच्या कपाटाला हातच लावू दिला नाही, पुस्तकं खराब होतात म्हणे. खराब होऊ द्या ना! पोरांच्या पुस्तकाला तेलाचे डाग पडलेच पाहिजेत.

तेव्हा येत्या 14 एप्रिलला देणगीदार आला की त्याला यादी द्या. खंड नको, सोळा-सोळा पानांची पन्नास पुस्तकं आण म्हणावं. डीजेवाल्याला एक तास कमी द्या, तेवढ्यात एक पेटी भरते. पेटीला कुलूप नको. पोराला स्वतःला निवडू द्या, तुमची बोटं फक्त मोजायला. मोठ्या पोराने छोट्याला वाचून दाखवावं, म्हणजे सोपं पुस्तक हातात धरायची त्याला लाज वाटत नाही. खंड आहेतच. ते आपल्यासारख्यांनी वाचायचे आहेत, आणि आपल्यातले कितीजण वाचतात ते विचारू नका.

आणि कविमित्रांनो, तुमच्यासाठी काम आहे. एकही जोडाक्षर नसलेली एक पानाची गोष्ट लिहून पाठवा. मी बसलो होतो लिहायला. तेव्हा ध्यानात आलं की आपले सगळे लाडके शब्द जोडाक्षराचे आहेत. क्रांती, विद्रोह, संघर्ष, स्वातंत्र्य, शिक्षण, सगळे. उरलं काय? समता उरली. भाकर, पाणी, तळं, वेस, माणूस, रमाई, जोतीराव उरले. जय भीम उरला. एवढ्यात गोष्ट होते, करून बघा. मुक्तछंदापेक्षा अवघड आहे.

पुढच्या अंकापासून मधली चार पानं पोरांची. अक्षर मोठं, ओळी थोड्या. छापखानेवाला म्हणतो चार पानांत मजकूर काय मावणार, पैसे मात्र तेवढेच पडतील. पडू द्या. त्या चार पानांपायी ज्यांच्या कविता मागे राहतील त्यांनी शिव्या मला पाठवाव्यात, पोस्टकार्डावर, आणि सुवाच्य अक्षरात. सिन्नरची पोरं त्यावर वाचायचा सराव करतील.