औषधाच्या मात्रेतला हरवलेला कंस

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षातून एकदा तरी ते गणित येतेच : ८ ÷ २(२ + २) = किती? २०१९ मध्ये ते जगभर फिरले आणि अजून थांबलेले नाही. निम्मे नातेवाईक १६ म्हणतात, निम्मे १. मग कोणी सायंटिफिक कॅल्क्युलेटरचा फोटो टाकतो, कोणी मोबाइलचा, आणि माणसांबरोबर यंत्रेही भांडायला लागतात. शेवटी एखादे निवृत्त गुरुजी ‘कंचेभागुबेव’ची आठवण करून देतात आणि वाद तेवढ्यापुरता मिटतो. खरे तर दोष सोडवणाऱ्यांचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे. एक कंस जास्त घातला असता तर वादच झाला नसता. ग्रुपवर हे करमणूक म्हणून खपून जाते. रुग्णालयात अशीच अर्धवट लिहिलेली गणिते रोज सोडवली जातात आणि तिथे उत्तर सलाइनमधून किंवा चमच्यातून कोणाच्या तरी पोटात जाते.

ज्यांची शाळा सुटून बरीच वर्षे झाली त्यांच्यासाठी : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, या क्रमाने उदाहरण सोडवायचे, म्हणून कंचेभागुबेव. इंग्रजी माध्यमातली मुले त्यालाच बोडमास म्हणतात. हा क्रम कोणी लहरीने ठरवलेला नाही. वाण्याकडे ३० रुपयांचे पोहे आणि ४० रुपये किलोचे २ किलो कांदे घेतले, तर बिल ३० + ४० × २, म्हणजे ११० रुपये. आधी ३० आणि ४० मिळवून त्याची दुप्पट, म्हणजे १४०, असा हिशेब अडाणी माणूसही करणार नाही, कारण ‘रुपये’ आणि ‘रुपये दर किलो’ यांची बेरीज होतच नाही. आधी गुणाकार करून कांद्यांचे रुपये करावे लागतात, मग ते पोह्यांच्या रुपयांत मिळतात. एकक डोळ्यासमोर असले की क्रम आपोआप बरोबर लागतो. कागदावर नुसते आकडे उरले की घोटाळा सुरू होतो.

कंचेभागुबेवमध्ये एक खाचही आहे. भागाकाराचे अक्षर गुणाकाराच्या आधी आणि बेरजेचे वजाबाकीच्या आधी येते, म्हणून पुष्कळांना वाटते की तेच आधी करायचे. प्रत्यक्षात भागाकार-गुणाकार एकाच पायरीवर बसतात आणि बेरीज-वजाबाकीही. त्यांच्यात डावीकडून उजवीकडे जायचे असते. १० − ४ + ३ याचे उत्तर ९ आहे. ‘बे’ आधी म्हणून ४ आणि ३ यांची बेरीज आधी केली तर ३ येते. अमेरिकेतल्या शाळांत जे सूत्र पाठ करतात त्यात गुणाकाराचे अक्षर भागाकाराच्या आधी आहे, म्हणून तिकडची मुले नेमकी उलटी चूक करतात.

यंत्राचे म्हणाल तर दुकानदाराच्या गल्ल्यावरचा साधा कॅल्क्युलेटर बहुधा हा क्रम पाळत नाही. २ + ३ × ४ दाबले तर तो जसे आकडे येतील तशी आकडेमोड करतो आणि २० दाखवतो. मोबाइल १४ दाखवतो. वॉर्डात नर्सिंग स्टेशनवर पहिला असतो, इंटर्नच्या खिशात दुसरा. एकच सूत्र, दोन उत्तरे.

आता या चुका दोन जातींच्या असतात आणि माझ्या दृष्टीने हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. १०४ अंश फॅरनहाइट ताप सेल्सिअसमध्ये करायचा तर आधी ३२ वजा करून मग ५/९ ने गुणायचे, ४० येतात. कंस विसरलात तर ८६ येतात. ८६ अंश सेल्सिअस तापाचा माणूस कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे चूक तिथल्या तिथे पकडली जाते. हास्यास्पद उत्तर निरुपद्रवी असते. भीती वाटायला हवी ती सभ्य दिसणाऱ्या चुकीच्या उत्तराची.

कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टवर एलडीएल नावाचा आकडा असतो. अनेक प्रयोगशाळांत तो मोजलेला नसतो, फ्रीडवाल्ड यांच्या १९७२ च्या सूत्राने काढलेला असतो : एकूण कोलेस्टेरॉल − एचडीएल − (ट्रायग्लिसराइड्स ÷ ५). एकूण २००, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड्स १५० असतील तर २०० − ४० − ३० = १३०. साध्या कॅल्क्युलेटरवर हेच सरळ दाबत गेले तर २ येतात, कोणीही हसेल. पण घाईत कोणी शेवटच्या दोन आकड्यांची वजाबाकी आधी केली, तर २०० − १० = १९० येतात आणि १९० हा आकडा अगदी खराखुरा वाटतो. १९० वाल्या माणसाला जन्मभराची गोळी सुरू होऊ शकते.

मूत्रपिंडाचे उदाहरण याहून गंभीर आहे. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या कॅनडातल्या दोन डॉक्टरांनी १९७६ मध्ये दिलेले सूत्र आम्ही आजही औषधाची मात्रा ठरवताना वापरतो. १४० मधून वय वजा करायचे, त्याला वजनाने गुणायचे आणि त्या सगळ्याला (७२ × क्रिएटिनिन) ने भागायचे. सत्तर वर्षांचे, पन्नास किलोचे आजोबा, क्रिएटिनिन १.५. वरती ७० × ५० = ३५००, खाली ७२ × १.५ = १०८. उत्तर सुमारे ३२. म्हणजे मूत्रपिंडे निम्म्याहून बरीच कमी काम करत आहेत, तेही क्रिएटिनिन थोडेसेच वाढलेले दिसत असताना. सूत्राचा खरा उपयोग तोच आहे.

हेच मोबाइलवर ३५०० ÷ ७२ × १.५ असे दाबले तर? मोबाइल नियम काटेकोर पाळतो, डावीकडून उजवीकडे जातो आणि सुमारे ७३ दाखवतो. नियमाप्रमाणे अगदी बरोबर. फक्त आपल्याला हवे होते ते हे गणित नव्हे. खालचा कंस राहून गेला. सत्तरीच्या माणसाला ७३ म्हणजे उत्तमच की! कोणाच्या भुवईचा केसही हलणार नाही. मग अमिकासिनसारखे इंजेक्शन, जे मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते आणि साठून राहिले तर मूत्रपिंड आणि कान दोन्ही बिघडवते, ते पूर्ण मात्रेत आणि नेहमीच्या अंतराने सुरू होईल. स्त्रियांसाठी या सूत्राला आणखी ०.८५ ने गुणतात, म्हणजे त्याच वयाच्या आणि वजनाच्या आजींचे खरे उत्तर साडेसत्तावीस आणि कंस विसरल्यास ६२. तीसच्या खाली गेल्यावर रक्त पातळ करणाऱ्या काही औषधांची मात्रा कमी करावी लागते, मधुमेहाची मेटफॉर्मिन थांबवावी लागते. ६२ वर यातले काहीच सुचणार नाही.

यावर एक साधी युक्ती आहे, ती मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतो. रेषेखाली जितके आकडे असतील तितक्या वेळा भागा. ३५०० ÷ ७२ ÷ १.५. हे साध्या कॅल्क्युलेटरवर, मोबाइलवर, कुठेही ३२ च येते. बीएमआयचेही तसेच : ६० किलो वजन, दीड मीटर उंची, तर ६० ÷ १.५ ÷ १.५, सुमारे २६.७. वर्ग करायच्या भानगडीत पडायचेच नाही. संगणकावरही बेसावध राहू नये. एक्सेलमध्ये −३ चा वर्ग कंसाशिवाय लिहिला तर ते ९ देते, तर गणिताच्या पुस्तकातला संकेत −९ सांगतो. आपल्या कार्यालयांतले निम्मे तक्ते एक्सेलवर चालतात, म्हणून सांगितले.

घरोघरी ही गोष्ट येते ती मुलांच्या तापाच्या औषधाच्या बाटलीतून. पॅरासिटामॉलच्या एका सिरपवर १२० मिलिग्रॅम/५ मिलिलिटर लिहिलेले असते, दुसऱ्यावर २५० मिलिग्रॅम/५ मिलिलिटर, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाला किलोमागे १५ प्रमाणे १८० मिलिग्रॅम द्यायचे ठरले. बाटलीवरचे १२०/५ तसेच उचलून १८० ÷ १२०/५ असे मोबाइलवर टाकले तर ०.३ मिलिलिटर येते. खरे उत्तर साडेसात मिलिलिटर, पंचवीस पट. ताप उतरत नाही, आई-बाबा रात्रभर जागतात, औषध खोटे निघाले असे ठरते. जुन्या पिढीला शाळेत शिकवलेले त्रैराशिक इथे जास्त भरवशाचे होते : १२० ला ५, तर १८० ला किती? आधी गुणा, मग भागा. १८० × ५ ÷ १२०. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीतही त्रैराशिकाची कृती याच क्रमाने सांगितलेली आहे. तेव्हा कंसाचे चिन्ह नव्हते, म्हणून काय आधी आणि काय नंतर हे शब्दांतच सांगावे लागे. डॉक्टरांनी मिलिलिटर लिहून दिले असतील तर मात्र घरी नवे गणित करू नका. बाटली तीच आहे ना, एवढे पाहा.

त्या तिरप्या रेघेबद्दल थोडे. ‘४० मिग्रॅ/किलो/दिवस, तीन वेळा’ असे प्रतिजैविकांच्या पुस्तकांत सर्रास छापलेले असते. १२ किलोच्या मुलाला दिवसाचे ४८०, प्रत्येक वेळी १६०. शेवटची रेघ नजरेतून सुटली तर प्रत्येक वेळी ४८०, म्हणजे तिप्पट. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीची, म्हणजे एसआयची, अधिकृत पुस्तिका स्पष्ट सांगते की एका राशीत कंस न घालता एकाहून जास्त तिरप्या रेघा वापरू नयेत. भौतिकशास्त्रज्ञ ज्या गोष्टीला प्रयोगवहीत परवानगी देत नाहीत ती आम्ही केस पेपरवर खुशाल लिहितो. ‘दर किलोला, दर दिवशी’ हे शब्द लिहायला दोन सेकंद जास्त लागतात. हस्ताक्षराबद्दल आमची जी ख्याती आहे ती पाहता ते दोन सेकंद द्यायलाच हवेत. सुरक्षित औषधोपचारावर काम करणारी अमेरिकेतली आयएसएमपी ही संस्थाही तिरप्या रेघेविरुद्ध सावध करते, कारण ती घाईत १ सारखी वाचली जाते.

यात दोष नव्या डॉक्टरांच्या बुद्धीचा नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र आहे, गणित नाही. बरीच मुले दहावीनंतर गणिताला रामराम ठोकतात आणि साडेसहा-सात वर्षांनी इंटर्न म्हणून रात्रपाळीला उभी राहतात, तेव्हा त्यांच्या हातात मोबाइल असतो आणि डोक्यात कंचेभागुबेव. पहाटे तीन वाजता, समोर धाप लागलेला रुग्ण असताना, पाठ केलेल्या अक्षरांवर विसंबायला लावणे हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

म्हणून काम कागदापासून सुरू व्हायला हवे. वॉर्डातल्या फॉर्मवर सूत्र एका ओळीत छापू नये. वय, वजन, क्रिएटिनिन यांच्या चौकटी, मग ‘वरची संख्या’, ‘खालची संख्या’ आणि शेवटी उत्तर, अशा पायऱ्या असाव्यात, प्रत्येकीपुढे एकक छापलेले. म्हणजे दुसऱ्या पाळीतल्या सिस्टरला ७३ या आकड्याऐवजी त्यामागची १०८ ही पायरी दिसेल किंवा तिची रिकामी चौकट दिसेल. अतिजोखमीच्या औषधांसाठी दोघांनी स्वतंत्रपणे गणित करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पण दुसऱ्याने पहिल्याचाच मोबाइल हातात घेऊन ‘बरोबर आहे’ म्हटले तर ती तपासणी झाली असे मानू नये. इंटर्नशिपच्या सुरुवातीला सुया टोचायला आणि टाके घालायला शिकवतो, त्याच आठवड्यात एक तास कागद-पेन्सिल घेऊन मात्रांच्या दहा उदाहरणांना द्यावा. त्यातली दोन मुद्दाम अशी असावीत की चुकीचे उत्तरही पटण्यासारखे यावे.