विम्याचा हप्ता भरला, पण गळतीचे काय?

सभासद बंधूंनो, वार्षिक अहवालात 'विमा हप्ता' हा आकडा आला की आपण पान उलटतो. हप्ता भरला म्हणजे सुटलो, असा आपला समज. आम्हांस तो धोक्याचा वाटतो.

मे २०१८ मध्ये पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याची मळी बियास नदीत गेली. मासे तडफडून मेले. प्रदूषण मंडळाने पाच कोटींचा दंड केला. दंड सहसा विम्यात बसत नाहीच. पण नाला, विहिरी साफ करण्याचा खर्च? तिथे सारे अडते ते विमापत्रातल्या एखाद्या शब्दावर.

अमेरिकेत अशा एका शब्दावर वर्षानुवर्षे कज्जे चालले. तिथल्या विमापत्रांत १९७३ पासून कलम होते, की प्रदूषणाची भरपाई नाही. 'अचानक व अपघाताने' झाले तरच मिळेल. १९८० साली सफाईचा खर्च घाण करणाऱ्यावर टाकणारा कायदा झाला, आणि कारखानदार विमा कंपन्यांच्या दारी गेले. कंपन्या म्हणाल्या, अचानक म्हणजे टाकी फुटावी तसे, एका दमात. कारखानदार म्हणाले, अचानक म्हणजे ध्यानीमनी नसताना. न्यायालयांचेही एकमत झाले नाही.

त्यातला अप्जॉन या औषध कंपनीचा खटला आपण लक्षात ठेवावा. १९८२ साली पोर्टो रिकोतील तिच्या कारखान्यात जमिनीखालची टाकी गळली, ती सुमारे तीन आठवडे. टाकीतली पातळी उतरत असल्याच्या नोंदी कामगारांनी केल्या होत्या. त्या पाहून हालचाल कुणी केली नाही. १९९१ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की याला अचानक म्हणता येणार नाही. भरपाई गेली. स्वतःचीच नोंदवही उलटली म्हणायची!

आपल्या कारखान्याचे विमापत्र आम्ही वाचलेले नाही. खरे सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी वाचले? मळीच्या टाकीची न् स्पेंटवॉशच्या साठ्याची पातळी रोज कोण लिहितो, आणि लिहिलेले वाचतो कोण? खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी लालसर झाल्यावर हे विचारून उपयोग काय? तो खर्च अंगावर आला, तर शेवटी उसाच्या अंतिम बिलातूनच जायचा.

नूतनीकरणाआधी विमापत्रातील वगळणुकीची कलमे मराठीत करून सूचना फलकावर लावावीत, आणि हा विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, अशी आमची संचालक मंडळास विनंती आहे.